न्हाणीघराची फळी आणि उघडल्याची तारीख

मुलुंड पूर्वेतील आमची इमारत पुनर्विकासासाठी मे महिन्याअखेर रिकामी करायची असे सोसायटीच्या सभेत ठरले, तेव्हा भांडी, पुस्तके आणि कपडे यांचे काय करायचे याचा विचार घरात लगेच सुरू झाला. न्हाणीघराचा विचार कोणी केला नाही. भाड्याने घेतलेले घर पाहून आल्यावर मात्र मी तोच विषय आधी हाती घेतला. त्या घराच्या न्हाणीघरात आरशाखाली हातभर लांबीची एक काचेची फळी होती, दोन खुंट्या होत्या आणि बाकी काही नव्हते. आमच्या न्हाणीघरात आरशामागचे कपाट, खिडकीचा कठडा, गिझरखालची प्लास्टिकची मांडणी आणि दारामागे अडकवलेली कप्प्यांची पिशवी अशा चार जागा होत्या आणि चारही काठोकाठ भरलेल्या होत्या. घरात माणसेही चारच: सासूबाई, माझे यजमान, महाविद्यालयात शिकणारी आमची मुलगी आणि मी.

काम सुरू करण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करणे मला आवश्यक वाटले. मुंबईतील जुन्या इमारतींमध्ये न्हाणीघराची खिडकी बहुधा डक्टमध्ये उघडते, तिथे ऊन कधी येत नाही, आणि पावसाळ्यात जेव्हा बाहेरच्याच हवेत ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्रता असते तेव्हा चार जणांच्या आंघोळी उरकलेल्या त्या खोलीत पंचासुद्धा दिवसभर ओलसर राहतो. प्रसाधने मात्र उष्णता, प्रकाश आणि ओलावा यांपासून दूर ठेवावीत अशी सूचना त्यांच्याच वेष्टनावर छापलेली असते. क्रीममध्ये परिरक्षक द्रव्ये असतात हे खरे, पण ती ठरावीक प्रमाणातच घातलेली असतात. ओल्या बोटांनी डबीतून रोज क्रीम काढले, किंवा तळाशी उरलेला शाम्पू निघावा म्हणून बाटलीत पाणी घालून ती तशीच ठेवून दिली, की ते प्रमाण विरळ होते आणि जिवाणू व बुरशी यांना वाट मिळते. म्हणून कोणती वस्तू टाकायची या प्रश्नाआधी मी दुसरा प्रश्न विचारला: यांतील कोणत्या वस्तू मुळात न्हाणीघरात असायला हव्यात? उत्तर फार छोटे निघाले. ज्या वस्तूला वापरताना पाणी लागते ती न्हाणीघरात आणि ज्या वस्तूला लागत नाही ती कपाटात, एवढीच विभागणी पुरेशी होती.

एका रविवारी सकाळी चारही जागा रिकाम्या करून सगळ्या वस्तू मी दिवाणखान्यात जुन्या चादरीवर मांडल्या. मांडताना मी कंपनीप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे गट केले नाहीत, तर कामाप्रमाणे केले: केस धुण्याच्या वस्तू एकीकडे, अंग धुण्याच्या एकीकडे, तोंडाला लावून ठेवायच्या एकीकडे, रंगाच्या एकीकडे, औषधी मलमे वेगळी. हा मार्ग मी कोणालाही सुचवेन, कारण एकच काम करणाऱ्या किती वस्तू घरात आहेत हे तेव्हाच दिसते. आमच्या घरात सुगंधी बॉडी लोशनचा गट सर्वांत मोठा निघाला, आणि मुंबईच्या हवेत त्याची गरज डिसेंबर-जानेवारीतील थोडे दिवस सोडले तर आम्हाला कधी भासलेली नाही. त्या बाटल्या विकत घेतलेल्याही नव्हत्या. काही दिवाळीच्या भेटसंचांतून आल्या होत्या, काही यजमानांच्या कचेरीतून, आणि बऱ्याचशा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटलेल्या होत्या. लोकलच्या महिला डब्यात घेतलेल्या नेलपॉलिशच्या छोट्या बाटल्या, हॉटेलांतून आणलेल्या इवल्याशा शाम्पूच्या बाटल्या, एकावर एक मोफत म्हणून आलेली दुसरी वस्तू, असे इतर गट त्यामागून आले. घरातील पसारा हा हौसेने केलेल्या खरेदीचाच असतो असे म्हटले जाते. आमच्या चादरीवर तरी निम्म्याहून अधिक वस्तू कोणीतरी प्रेमाने किंवा रीत म्हणून दिलेल्या होत्या, आणि म्हणूनच त्या वापरल्याही गेल्या नव्हत्या आणि टाकल्याही गेल्या नव्हत्या.

पुढचे काम तारखा वाचण्याचे होते. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० चा आहे आणि प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम २०२० साली आले. त्यांनुसार वेष्टनावर बॅच क्रमांक आणि अमुक तारखेपूर्वी वापरावे ही मुदत छापणे बंधनकारक आहे. ही मुदत न उघडलेल्या वस्तूची असते, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते आणि ती अनेक वेष्टनांवर झाकण उघडलेल्या डबीच्या छोट्या चित्रात, ६ एम, १२ एम, २४ एम अशी महिन्यांत दिलेली असते. हे चिन्ह युरोपीय संघाच्या नियमांतून आले. तीस महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या प्रसाधनांवर ते तिकडे छापावे लागते, आणि तेच वेष्टन इतर बाजारपेठांतही जात असल्याने आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांवरही ते दिसते. पण बारा महिने कधीपासून मोजायचे? चादरीवरील एकाही बाटलीवर ती उघडल्याची तारीख नव्हती. जिथे कोणालाच आठवत नव्हते तिथे मी एक कठोर नियम लावला: घरातील चौघांपैकी एकालाही ती वस्तू गेल्या पावसाळ्यानंतर उघडल्याचे खात्रीने सांगता येत नसेल, तर ती बाजूला काढायची. किंमत किती होती हा प्रश्न मी चर्चेत येऊ दिला नाही, कारण दिलेले पैसे वस्तू कपाटात ठेवल्याने परत येत नाहीत आणि टाकल्याने पुन्हा जात नाहीत.

डोळ्यांच्या वस्तूंबाबत फारसा विचार करावा लागला नाही. मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत बदलावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, कारण पापण्यांना लागलेली कांडी आपण प्रत्येक वेळी पुन्हा त्या ओलसर नळीत घालतो. बोटाने लावायच्या काजळाच्या डब्या, ज्या मी आणि मुलगी दोघी वापरत होतो, त्याच वेळी टाकून दिल्या आणि पुढे काजळ प्रत्येकीचे वेगळे ठेवायचे ठरले.

मुलीच्या कप्प्याशी मात्र मला थांबावे लागले. तिच्याकडे निरनिराळ्या सीरमच्या, म्हणजे चेहऱ्याला थेंबाथेंबाने लावायच्या पातळ द्रवांच्या, ड्रॉपरच्या बाटल्या होत्या आणि तिने त्या वाचून, समजून घेतलेल्या होत्या, त्यामुळे सरसकट टाकून देणे तिच्यावर अन्याय करणारे झाले असते. जीवनसत्त्व क असलेले सीरम तिने उजेडात धरून दाखवले. ते पूर्वी जवळजवळ पाण्यासारखे होते आणि आता गडद तपकिरी झाले होते. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच जीवनसत्त्व क, हवा, उष्णता आणि प्रकाश यांमुळे ऑक्सिडीकृत होते आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाप्रमाणे काळपटते. तसे झालेले सीरम लावून अपेक्षित उपयोग होत नाही. "आई, मग सगळीच सीरम टाकायची का गं?" असे तिने विचारले. मी तिला उलट विचारले की यांतील कोणती बाटली तू तळापर्यंत संपवली आहेस. तिने बराच वेळ विचार करून नायसिनमाइडचे, म्हणजे जीवनसत्त्व ब३ च्या एका रूपाचे, नाव घेतले, आणि तेच ठेवायचे असे आमचे दोघींचे ठरले. ग्लायकॉलिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल आणि रेटिनॉल ही तिन्ही एकाच रात्री एकावर एक लावल्याने तिच्या गालांची आग होत असे, हे त्याच वेळी बोलण्यात आले. मुरुमांसाठी सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश तिने ठेवला, बाकीचे बंद केले. पुढच्या काही आठवड्यांत तिची त्वचा शांत झाली, त्याचे श्रेय मी ठेवलेल्या वस्तूंपेक्षा न लावलेल्या वस्तूंना देते.

सर्वांत महत्त्वाचा गट औषधी मलमांचा होता, आणि ही गोष्ट मला जरा विस्ताराने सांगायची आहे, कारण अशा नळ्या मुंबईतील घराघरांत प्रसाधनांच्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यांच्याकडे कोणी औषध म्हणून पाहत नाही. आमच्याकडे एक नळी चेहऱ्यावरील वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मला काही आठवड्यांपुरती दिलेली होती; तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशी तीन औषधे होती. दुसरी यजमानांच्या नायट्यासाठी आणलेली होती, आणि तिच्यात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड होते. दोन्हींवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ होती. ही रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये, असा इशारा असतो. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड मलमांपैकी अनेकांना पूर्वी या अटीतून सूट होती; ती २०१८ साली काढून घेऊन त्यांना अनुसूची एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणले गेले. त्यामागे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, दीर्घकाळ केलेला पाठपुरावा होता. स्टिरॉइड लावल्यावर लाली आणि खाज लगेच कमी होते, चेहरा काही दिवस उजळ दिसतो, आणि त्यामुळेच माणूस ते लावत राहतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, लव वाढते, आणि मलम थांबवले की आग होते. नायट्यावर असे मिश्र मलम लावले तर खाज थांबते पण बुरशी आत पसरत राहते आणि तिचे नेहमीचे गोल चट्टेही ओळखू येईनासे होतात. घामाच्या आणि दमट हवेच्या या शहरात, जिथे माणसे गर्दीच्या लोकलमधून ओल्या कपड्यांत प्रवास करतात, तिथे नायटा पुन्हा पुन्हा होणे स्वाभाविक आहे आणि म्हणूनच ही जुनी नळी पुन्हा हाताशी येणेही स्वाभाविक आहे. आम्ही त्या दिवसापासून नियम केला की लाल रेघेची कोणतीही वस्तू न्हाणीघरात ठेवायची नाही. ती औषधांच्या डब्यात चिठ्ठीसह राहील आणि उपचार संपला की नळीही संपली असे समजायचे.

सासूबाईंच्या वस्तू थोड्या होत्या: शिकेकाईची पूड, खोबरेल, उटण्याची पाकिटे, कुंकवाची डबी आणि टिकल्यांची असंख्य पाकिटे. उटण्याची पाकिटे मागच्या दिवाळीची होती आणि ओल शोषून त्यांत गुठळ्या झाल्या होत्या. ती टाकायला त्यांची ना नव्हती. टिकल्यांच्या बाबतीत मात्र त्या म्हणाल्या, "अगं, टिकली काय खराब होते? ती राहू दे." त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये टिकलीएवढाच एक फिकट डाग गेल्या काही वर्षांत पडला होता आणि वयोमानाने तसे होते असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी त्यांना म्हटले, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या, मग ठरवू." डॉक्टरीणबाईंनी डाग पाहताच टिकलीचा प्रश्न काढला. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे रसायन असते आणि ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना मारक ठरू शकते. रोज त्याच जागी टिकली लावणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये असे पांढरे डाग दिसतात, हे त्वचारोगशास्त्रात फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. पाकिटावर गोंदाचे घटक लिहिलेले नसल्यामुळे चांगली टिकली कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. सासूबाईंनी घरी येऊन सगळी पाकिटे स्वतः बाजूला काढली आणि कोरडे कुंकू लावायला सुरुवात केली. न्हाणीघर आवरण्यातून झालेला हा सर्वांत मोठा लाभ होता, असे मी मानते.

सनस्क्रीनविषयी मी एवढेच सांगेन की ती वस्तू नीट वापरली तर तिची मुदत तपासण्याची वेळच येत नाही. वेष्टनावरील एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा, हा चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या जाड थरावर मोजलेला असतो. चेहरा आणि मान यांसाठी त्याचा अर्थ दोन बोटांवर काढलेल्या दोन पट्ट्या, म्हणजे साधारण एक ग्रॅमच्या आसपास. मी आणि मुलगी दोघींनी रोज एवढे लावले तर पन्नास ग्रॅमची नळी महिनाभरही पुरत नाही. आमच्या चादरीवर अर्धवट वापरलेल्या अनेक नळ्या होत्या, याचा सरळ अर्थ आम्ही ते फार कमी लावत होतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के अतिनील ब (त्वचा भाजणारी) किरणे अडवतो, त्यामुळे आकड्यांच्या मागे न लागता जे चिकट वाटत नाही आणि म्हणून खरोखर पुरेसे लावले जाते, असे एकच सनस्क्रीन आम्ही आता दोघींसाठी आणतो.

वस्तू बाजूला काढणे सोपे आणि त्यांची विल्हेवाट लावणे अवघड, हे या कामात मला प्रकर्षाने जाणवले. पहिला प्रश्न मावशींचा होता. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशींनी चादर पाहून विचारले, "ताई, टाकणार असाल तर मला द्या." आपल्या घरांतून अशा वस्तू अशाच जातात, आणि देणाऱ्याला आपण काही चांगले केल्याचे समाधानही मिळते. पण जे मी माझ्या मुलीच्या चेहऱ्याला लावू देणार नाही ते मावशींच्या मुलीला कसे देऊ? मी त्यांना खाली बसवून तारखा दाखवल्या, लाल रेघ दाखवली, आणि न उघडलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या लोशन व साबणांतून त्यांना हवे ते निवडायला सांगितले. त्यांच्या घरात एक लाल रेघेची नळी आहे आणि ती त्यांची सून गोरे होण्यासाठी लावते, हे त्याच बोलण्यातून कळले. दुसऱ्या दिवशी सून ती घेऊन आली आणि आम्ही तिला पालिकेच्या रुग्णालयातील त्वचा विभागात दाखवायला सांगितले.

उरलेल्या कचऱ्यासाठी मी बराच खटाटोप केला. क्रीम, लोशन आणि तेले मोरीत ओतली नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांत काढून, गुंडाळून टाकली. रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात दिल्या. पंपाच्या तोट्या वेगळ्या काढल्या, कारण त्यांत धातूची स्प्रिंग असते. नेलपॉलिश, त्याचे रिमूव्हर आणि डिओडरंटचे डबे ज्वलनशील असल्याने इतर कचऱ्यात मिसळले नाहीत. मुंबई महानगरपालिकेने २०२५ साली सॅनिटरी पॅड, डायपर, मुदत संपलेली औषधे, वॅक्सिंगच्या पट्ट्या अशा कचऱ्यासाठी स्वतंत्र संकलन सेवा सुरू केली आहे आणि तिच्यासाठी सोसायटीला नोंदणी करावी लागते. मलमांच्या नळ्या आम्ही त्या मार्गाने दिल्या. शाम्पूच्या पुड्यांसाठी मात्र चांगला मार्ग सापडला नाही. त्या प्लास्टिक आणि धातूच्या अनेक थरांच्या असतात आणि भंगारवालाही त्या घेत नाही, म्हणून त्या पुन्हा घरात न आणणे एवढेच आमच्या हाती उरले.

नव्या घरात काचेच्या फळीवर एक शाम्पू, एक फेसवॉश, दात घासण्याचे सामान आणि प्रत्येकाचा साबण एवढेच आहे. साबण घेताना आम्ही आता वास न पाहता वेष्टनावरील टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध द्रव्याचे प्रमाण पाहतो. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते, तर बेदिंग बार म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीत ते त्याहून बरेच कमी चालते. कंडिशनर आणि केसांचे मास्क यांची गरज मुलुंडच्या जुन्या घरात नव्हतीच, कारण तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे पालिकेचे पाणी मृदू असते. नव्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि ते पाणी बोअरवेलचे असले की केस राठ होतात. तेवढ्या आठवड्यांसाठी एक छोटी कंडिशनरची बाटली आणली जाते. सनस्क्रीन, क्रीम, काजळ आणि अत्तर शयनगृहातील कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह एका डब्यात आहेत. प्रत्येक वस्तूच्या तळाशी ती उघडल्याची तारीख मार्करने लिहिलेली असते आणि एक संपल्याशिवाय त्याच कामाची दुसरी उघडायची नाही हा नियम यजमानांनीही पाळला आहे.

संक्रांत जवळ आली तेव्हा वाणाचा प्रश्न सासूबाईंनीच काढला. त्यांच्या भिशीतील मैत्रिणींनी छोट्या बॉडी लोशनच्या बाटल्या घाऊकमध्ये क्रॉफर्ड मार्केटमधून आणायचे ठरवले होते आणि आपणही त्यातच भाग घ्यावा असा निरोप आला होता. सासूबाईंनी त्यांना फोन करून सांगितले की आमच्याकडून यंदा पाव किलो तीळ आणि पाव किलो गुळाची पाकिटे असतील, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी गुळाऐवजी शेंगदाणे.